ईस्टरची तिथी

२०१९ साली गुड फ्रायडे आणि हनुमान जयंती एकाच दिवशी, १९ एप्रिलला आली होती. त्या सकाळी जिन्यात खालच्या मजल्यावरचे काका भेटले. ते मारुतीच्या देवळातून परतत होते आणि त्यांच्या हातात सुंठवड्याची पुडी होती; मी पांढरी साडी नेसून चर्चला निघाले होते आणि माझा उपवास होता. तो ध्यानात आल्यावर काकांनी पुडी परत घेतली नाही, 'संध्याकाळी खा' म्हणाले, आणि मग बहुधा बरेच दिवस मनात घोळत असलेला प्रश्न त्यांनी विचारला. "बाई, तुमचा नाताळ कसा पंचवीस डिसेंबरला खुंटा मारून बसवल्यासारखा असतो. मग हा ईस्टरच तेवढा दर वर्षी पळतो कुठे?"

मी पस्तीस वर्षे शाळेत गणित शिकवले आहे, माझे वडील नगर जिल्ह्यातल्या एका लहानशा प्रोटेस्टंट मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, होते, आणि लग्नानंतर मी पुण्यातल्या कॅथलिक घरात आले. म्हणजे या प्रश्नाचे उत्तर ज्यांना यायलाच हवे, अशा माणसांपैकी मी एक. पण 'पौर्णिमेवरून ठरते' यापलीकडे मला काही सांगता आले नाही. संध्याकाळी काका मागच्या वर्षीचे पंचांग घेऊन वर आले आणि त्यांनी मला दाखवले की २०१८ साली गुड फ्रायडे ३० मार्चला होता आणि हनुमान जयंती ३१ मार्चला. तारीख वीस दिवसांनी सरकली होती, पण तिथी जेमतेम एका दिवसाने. "पळते ती तारीख," काका म्हणाले, "सण जागच्या जागीच आहे."

त्या दिवसापासून मी हा विषय धरून वाचत गेले. वाचता वाचता जे लक्षात आले ते असे की ईस्टर, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सण, हा मुळात तिथीचा सण आहे, आणि त्याच्या आधीचा उपवासकाळ, त्यातला शेवटचा पवित्र सप्ताह, त्याचा पहिला दिवस असलेला राखेचा बुधवार, हे सारे त्या एका रात्रीपासून उलटे मोजत मोजत मागे वाढत गेलेले आहे. आपण दिनदर्शिकेत राखेच्या बुधवारापासून पुढे वाचत येतो, म्हणून ते चढत्या पायऱ्यांसारखे वाटते. इतिहासात मात्र शेवटची पायरी आधी बांधली गेली आणि पहिली सर्वांत शेवटी.

सुरुवात करायची तर यहुदी लोकांच्या वल्हांडण सणापासून करावी लागते. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी हा शब्द फार नेमका निवडला. मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलामीत असलेल्या इस्राएल लोकांनी कोकरू मारून त्याचे रक्त दाराच्या चौकटीला लावले, आणि त्या रात्री मृत्यू ती घरे ओलांडून, म्हणजे वल्हांडून, पुढे गेला. पहाटे ते लोक गुलामीतून बाहेर पडले. पीठ आंबायला वेळ नव्हता म्हणून बेखमीर भाकर. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात या सणाची तिथीही सांगितली आहे: वर्षाच्या पहिल्या महिन्याची चौदावी, संध्याकाळी. या महिन्याला पुढे निसान हे नाव मिळाले. निसान अमावास्येनंतरच्या नव्या चंद्राबरोबर सुरू होतो, वसंतात येतो आणि वर्षाचा पहिला महिना मानला जातो, एवढे सांगितले की मराठी माणसाला पुढचे सांगावे लागत नाही. यंदा, २०२६ साली, १९ मार्चला आपल्याकडे गुढ्या उभ्या राहिल्या त्याच दिवशी यहुदी दिनदर्शिकेत निसानची पहिली होती.

पुण्यात ही गोष्ट पुस्तकातच राहत नाही. कॅम्पात मोलेदिना रस्त्यावरचे लाल विटांचे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, ज्याला सारे पुणे लाल देऊळ म्हणते, डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिले आणि १८६७ साली पुरे झाले. ससून यांची समाधी त्याच आवारात आहे. कोकणातून आलेले बेने इस्राएल हे यहुदी लोक मराठी बोलतात, आणि वल्हांडणाला त्यांच्या जुन्या पिढ्या 'अनाशी ढाकाचा सण' म्हणत, म्हणजे आंबट कालवणाचे मडके आठ दिवस झाकून ठेवायचा सण. इतक्या साध्या, स्वयंपाकघरातल्या नावामागे तीन हजार वर्षांची आठवण आहे, हे वाचले तेव्हा मला फार बरे वाटले होते.

येशू यरुशलेमेला आला तो याच सणासाठी. येशूचे चरित्र लिहिणाऱ्या बायबलमधल्या चौघांपैकी मत्तय, मार्क आणि लूक सांगतात की शेवटचे भोजन हेच वल्हांडणाचे भोजन होते. योहान सांगतो की येशूला वधस्तंभावर दिले तो सणाच्या तयारीचा दिवस होता, म्हणजे मंदिरात कोकरे कापली जात होती तोच. या दोन हिशेबांत एका दिवसाचा फरक आहे आणि तो जुळवण्यासाठी विद्वानांनी पुष्कळ कागद खर्च केला आहे. मला स्वतःला तो फरक पुसून टाकावासा वाटत नाही. योहानाला कोकरू दाखवायचे आहे आणि इतर तिघांना ताट. मरण शुक्रवारी आणि रिकामी कबर रविवारी पहाटे, यावर मात्र चौघांचे एकमत आहे.

आणि इथेच पहिल्या ख्रिस्ती लोकांपुढे पेच उभा राहिला: आठवण ठेवायची ती तिथीची की वाराची? आजच्या तुर्कस्तानात असलेल्या मंडळ्या निसानची चौदावी धरत, मग त्या दिवशी सोमवार असो की गुरुवार. रोम आणि इतर बहुतेक ठिकाणच्या मंडळ्या त्यानंतरचा रविवार धरत. इसवी सन १५५च्या सुमारास तिथल्याच स्मिर्ना शहराचे वृद्ध बिशप पॉलिकार्प रोमला गेले आणि तिथले बिशप अनिसेटस यांच्याशी त्यांनी यावर चर्चा केली. दोघांपैकी कोणीच बधले नाही. तरीही अनिसेटस यांनी आपल्या मंडळीत प्रभुभोजनाचा विधी चालवण्याचा मान पॉलिकार्पना दिला आणि दोघे सलोख्याने वेगळे झाले. पुढे १९०च्या सुमारास रोमचे बिशप व्हिक्टर यांनी चौदावी पाळणाऱ्यांना बहिष्कृत करण्याचा घाट घातला, तेव्हा लिओंचे बिशप इरेनियस यांनी त्यांना पत्र लिहून याच जुन्या भेटीची आठवण करून दिली. ज्या समाजात स्मार्त एकादशी आणि भागवत एकादशी एका पाठोपाठच्या दोन दिवशी शांतपणे पाळल्या जातात, आणि ज्या पुण्यात टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत एखाद्या वर्षी गणपती महिनाभर आधी बसतो, तिथल्या वाचकाला पॉलिकार्प आणि अनिसेटस लगेच ओळखीचे वाटावेत. व्हिक्टरही ओळखीचा वाटेल, पण ते असो.

३२५ साली सम्राट कॉन्स्टंटाइन याने बोलावलेल्या नायसियाच्या परिषदेने ठरवले की सर्वांनी एकाच रविवारी ईस्टर पाळावा आणि त्यासाठी यहुदी दिनदर्शिकेवर अवलंबून राहू नये. या निर्णयामागे यहुद्यांविषयीची कटुताही होती, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ज्यांच्या सणातून आपला सण जन्मला, त्यांना विचारायचे नाही, असे ठरवले गेले. मग पौर्णिमा कोण सांगणार? हे काम गणितात तरबेज असलेल्या अलेक्झांड्रिया शहराकडे आले. तिथले बिशप दर वर्षी पत्रे पाठवून त्या वर्षीच्या ईस्टरची तारीख कळवत. नियम हळूहळू असा स्थिरावला: २१ मार्च हा वसंतसंपात, म्हणजे दिवस आणि रात्र सारखी होण्याचा दिवस, मानायचा, त्या दिवशी किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा पाहायची, आणि त्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून हा सण २२ मार्चच्या आधी आणि २५ एप्रिलच्या नंतर कधीच येत नाही. १८१८ साली तो २२ मार्चला आला होता आणि आता पुन्हा २२८५ सालीच येईल. २५ एप्रिल मात्र १९४३ साली येऊन गेली आणि २०३८ साली परत येणार आहे.

यातली पौर्णिमा आकाशातली नाही, कोष्टकातली आहे, हे मला गणिताची शिक्षिका म्हणून सर्वांत रंजक वाटते. एकोणीस सौर वर्षांत चंद्राचे जवळजवळ बरोबर २३५ महिने बसतात. एकोणीस गुणिले बारा म्हणजे २२८, उरले सात. यहुदी दिनदर्शिकेत एकोणीस वर्षांत सात वेळा जादा महिना घालतात तो यामुळेच, आणि आपल्याकडे साधारण तितक्याच काळात अधिक महिने सातच्या आसपास येतात तेही यामुळेच. ईस्टरचे कोष्टक याच एकोणीस वर्षांच्या चक्रावर बांधलेले आहे. चर्चने अधिक मास पाळला नाही, पण त्याचे गणित घेतले.

कोष्टक असल्यामुळे गमतीही होतात. २०१९ साली खरा वसंतसंपात २० मार्चला झाला आणि पौर्णिमा लगेच २१ मार्चला पहाटे, आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी, झाली. आकाश पाहून सण धरला असता तर ईस्टर २४ मार्चला यायला हवा होता. कोष्टकाने मार्चची पौर्णिमा २० तारखेला, म्हणजे एक दिवस अलीकडे दाखवली. ती बाद झाली आणि ईस्टर थेट २१ एप्रिलला गेला. म्हणून तर त्या वर्षी काका आणि मी जिन्यात भेटलो. २०२१ साली पौर्णिमा रविवारीच, २८ मार्चला, होळीच्या दिवशी होती. 'पौर्णिमेनंतरचा' हा शब्द काटेकोरपणे पाळून सण पुढच्या रविवारी, ४ एप्रिलला झाला.

कोष्टके वेगवेगळी असली की काय होते, याचा एक किस्सा इतिहासकार बीड यांनी नोंदवला आहे. सातव्या शतकात उत्तर इंग्लंडातला राजा ऑस्विउ आयर्लंडकडून आलेल्या पद्धतीने ईस्टर पाळत असे आणि त्याची राणी रोमच्या पद्धतीने. एखाद्या वर्षी राजाचा उपवास सुटून मेजवानी चाललेली असे, तेव्हा राणी आणि तिची माणसे अजून उपाशी राहून ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार पाळत असत. एकाच वाड्यात एका चुलीवर मांस आणि दुसरीवर पेज. अखेर ६६४ साली व्हिटबीला सभा भरली आणि राजाने रोमची बाजू घेतली. स्वयंपाक्यांना हायसे वाटले असेल.

यापेक्षाही मोठी गोष्ट पुढे घडली. तोवर चालत आलेल्या ज्युलियन दिनदर्शिकेचे वर्ष खऱ्या सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा मिनिटांनी मोठे होते, आणि सोळाव्या शतकापर्यंत वसंतसंपात २१ मार्चवरून ११ मार्चवर येऊन ठेपला होता. म्हणजे ईस्टर हळूहळू उन्हाळ्याकडे सरकत होता. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणून दहा दिवस गाळले आणि लीप वर्षांचा नियम बदलला. आज पुण्यात प्रत्येक कचेरीत, बँकेत आणि स्वयंपाकघरात टांगलेली तारीखवार दिनदर्शिका ही त्या दुरुस्तीची लेक आहे. पगाराची एक तारीख ज्या दिनदर्शिकेवर आपण पाहतो, ती ईस्टरची पौर्णिमा चुकू नये म्हणून सुधारली गेली. पूर्वेकडच्या बहुतेक ऑर्थोडॉक्स मंडळ्यांनी ईस्टरपुरती जुनी गणना राखली, म्हणून त्यांचा सण अनेकदा वेगळ्या रविवारी येतो; २०२५ साली मात्र दोन्ही ईस्टर २० एप्रिलला एकत्र आले होते.

आता उपवासाकडे वळते. इरेनियस यांच्या ज्या पत्राचा वर उल्लेख केला, त्यातच हेही लिहिले आहे की ईस्टरआधी काही जण एक दिवस उपवास करतात, काही दोन, काही अधिक, आणि काही चाळीस तास सलग. म्हणजे दुसऱ्या शतकाच्या अखेरीला चाळीस होते ते तास, दिवस नव्हते. कबरेत असलेल्या येशूसाठी, बायबलच्या भाषेत 'काढून घेतल्या गेलेल्या' नवरदेवासाठी, शोक करायचा आणि पहाटे सोडायचा, एवढाच तो उपवास. मग तो आठवडाभराचा झाला. नायसियाच्या पाचव्या नियमात 'चाळीस'चा उल्लेख येतो, पण जाता जाता, जणू वाचणाऱ्याला ठाऊकच आहे. ३४०च्या सुमारास अलेक्झांड्रियाचे बिशप अथानेसियस परागंदा होऊन रोममध्ये होते. तिथून त्यांनी मिसरमधल्या आपल्या माणसांना कळवले की सारे जग चाळीस दिवसांचा उपवास करत असताना आपणच तेवढे न करता हसू करून घेऊ नका. धर्माचार पसरण्यात श्रद्धेइतकाच 'लोक काय म्हणतील' याचाही हात असतो, याचा इतका प्रामाणिक पुरावा मी दुसरा पाहिलेला नाही.

चाळीसच का, याचे उत्तर बायबलमध्ये आहे. येशूने बाप्तिस्म्यानंतर रानात चाळीस दिवस उपवास केला. मोशे सीनाय पर्वतावर चाळीस दिवस राहिला. एलीया चाळीस दिवस चालत होरेब डोंगराला पोहोचला. पण चाळीस मोजायचे कसे, यावर एकमत व्हायला आणखी काही शतके लागली, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा वार आणि त्या दिवशी उपवास वर्ज्य. सहा आठवड्यांतले रविवार वगळले तर छत्तीसच उरतात. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप थोरले ग्रेगरी यांनी छत्तीस म्हणजे वर्षाचा दशमांश, असा त्याचा सुंदर अर्थ लावला होता. पण लोकांना चाळीसच हवे होते. म्हणून पुढे आधीच्या आठवड्यातले चार दिवस जोडले गेले, आणि अशा रीतीने आरंभ बुधवारावर आला. त्या बुधवारी कपाळाला राख लावायची प्रथा सर्व भाविकांसाठी १०९१ साली बेनेव्हेंतोच्या धर्मसभेने ठरवली. ही राख आदल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली असते. म्हणजे पहिली पायरी म्हणून ज्या दिवसाला आपण ओळखतो, तो सर्वांत शेवटी आला.

या काळाचे खरे काम मात्र उपाशी राहणे हे नव्हते. ख्रिस्ती होऊ इच्छिणाऱ्यांना ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा दिला जाई, आणि त्याआधीचे आठवडे हे त्यांच्या शिकवणीचे आणि तयारीचे असत. जुन्या लोकांनी त्यांच्या सोबतीने उपवास करायचा. ज्यांनी मोठे पाप करून मंडळी सोडली होती, तेही याच काळात प्रायश्चित्त करून परत येत. कालांतराने मोठ्या वयाचे उमेदवार राहिले नाहीत, बाळांचे बाप्तिस्मे होऊ लागले, आणि उरला तो सोबतीचा उपवास. ज्यांच्या सोबतीसाठी तो होता, ते निघून गेले होते.

माझ्या माहेरी या काळाचे फारसे नियम नव्हते, आणि त्यामागेही एक कथा आहे. १५२२ साली झुरिकमध्ये एका छापखान्याच्या मालकाच्या घरी, ऐन उपवासकाळात, काही जणांनी सॉसेज खाल्ली. धर्मगुरू झ्विंग्ली तिथे हजर होते. त्यांनी खाल्ले नाही, पण नंतर प्रवचनात खाणाऱ्यांची बाजू घेतली आणि सांगितले की पवित्र शास्त्र ज्याची सक्ती करत नाही त्याची सक्ती चर्चने करू नये. स्वित्झर्लंडातली धर्मसुधारणा या सॉसेजपासून धरतात. त्या परंपरेतून आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी नगरकडे मंडळ्या उभ्या केल्या, म्हणून वडिलांच्या चर्चमध्ये राख लावत नसत. सासरी आले तेव्हा पहिल्या राखेच्या बुधवारी कपाळावर काळा क्रूस घेऊन मी शाळेत गेले, आणि शिक्षकांच्या खोलीत तीन जणींनी मला रुमाल देऊ केला.

सासूबाईंचे नियम कॅथलिक चर्चच्या कायद्यापेक्षा कडक होते. १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी नियम सैल केले, तेव्हापासून राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोनच दिवस सक्तीच्या उपवासाचे, तेही आजच्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांपासून साठावे लागेपर्यंत; चौदा वर्षांवरच्यांनी मांस टाळायचे ते राखेच्या बुधवारी आणि शुक्रवारी. सासूबाई मात्र राखेच्या बुधवारापासून मटण घरात येऊ देत नसत. सुका बोंबील चालत असे, कारण मासळी मांसात मोजत नाहीत. मटण येई ते आदल्या दिवशी, आणि पोटभर येई. गोव्यात त्याच दिवसांत इंत्रुज, म्हणजे कार्निव्हल असतो. श्रावणाआधीची गटारी ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे अधिक स्पष्टीकरण नको. लग्ने या काळात ठरवत नाहीत, वेदीवर फुले नसतात, पाळकांचा झगा जांभळा असतो, आणि 'आलेलुया', म्हणजे 'देवाची स्तुती करा', हा शब्द चाळीस दिवस गाण्यांतून वगळलेला असतो. मला या सगळ्यांत ही शेवटची गोष्ट सर्वांत जास्त जाणवते. खाण्याचा उपवास सरावाने सोपा होतो. एका शब्दाचा होत नाही.

पवित्र सप्ताहाची आजची रचना बरीचशी यरुशलेमेहून आली. ३८०च्या दशकात पश्चिमेकडून एगेरिया नावाची एक यात्रेकरू स्त्री तिथे गेली आणि तिने मायदेशातल्या आपल्या भगिनींना सविस्तर वृत्तान्त लिहिला. त्याचे हस्तलिखित इटलीत अरेझ्झो इथे १८८४ साली सापडले. झावळ्या आणि जैतुनाच्या डहाळ्या घेऊन जैतुनाच्या डोंगरावरून उतरणारी मुले, कडेवर घेतलेली बाळे, शुक्रवारी वधस्तंभाच्या लाकडाचे चुंबन घेणारी रांग, सारे तिने लिहिले आहे. त्या लाकडाभोवती सेवक पहारा देत उभे असत, कारण पूर्वी कोणी तरी चुंबन घेता घेता त्याचा तुकडा दातांनी तोडून पळवला होता. झावळ्यांच्या रविवारी क्वार्टर गेटच्या सिटी चर्चजवळून जाताना मला ती बाई हटकून आठवते. त्या चर्चची जागा सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ साली दिली, पेशव्यांच्या लष्करातल्या कॅथलिक सैनिकांसाठी. पुण्यात ईस्टर इंग्रजांनी आणला, असे समजणाऱ्यांना मी हे साल आवर्जून सांगते.

गुरुवारी पाय धुण्याचा विधी, शुक्रवारी दुपारी बारा ते तीन वधस्तंभावरच्या सात उद्गारांवरची मनने, यांबद्दल पुष्कळ लिहिले जाते. या तीन तासांच्या उपासनेची सुरुवात सतराव्या शतकात पेरू देशातल्या लिमा शहरी जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी केली आणि आज ती प्रोटेस्टंट मंडळ्यांतही तितक्याच निष्ठेने होते. माझ्या माहेरच्या चर्चमध्ये सात उद्गारांवर सात वक्ते बोलत, आणि 'मला तहान लागली आहे' हा पाचवा उद्गार येईपर्यंत आम्हा मुलांची अवस्था त्याहून फार वेगळी नसे. उन्हाळा, पत्र्याचे छप्पर, आणि पाणी न पिण्याची आम्हीच आपापसांत लावलेली पैज.

इंग्रजीतल्या 'ईस्टर' या नावावरून दर वर्षी फोनवर एक संदेश फिरतो की हा बाबिलोनच्या इश्तार देवीचा सण आहे. तो खरा नाही. ते नाव इओस्त्रे या देवीच्या महिन्यावरून आले असे ७२५ साली बीड यांनी लिहिले, आणि त्या देवीचा त्यांच्याखेरीज दुसरा जुना साक्षीदार नाही. मुख्य म्हणजे हे नाव इंग्रजी आणि जर्मन या भाषांपुरतेच आहे. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, रशियन अशा बहुतेक भाषांत सणाचे नाव वल्हांडणाच्या 'पेसाह' या हिब्रू शब्दावरूनच आले आहे, आणि कोकणीतही त्याला 'पास्कां'चे फेस्त म्हणतात. अंड्यांचे कारण तर अगदी घरगुती आहे. मध्ययुगात उपवासकाळात अंडीही वर्ज्य असत. कोंबड्यांना हे कोणी कळवले नव्हते. चाळीस दिवसांची अंडी साठत आणि ईस्टरला रंगवून वाटली जात. कॅम्पातल्या बेकऱ्यांत मिळणारी मार्झिपानची रंगीत अंडी ही त्यांची नातवंडे. सशाचा उल्लेख १६८२ साली जर्मनभाषक प्रदेशातल्या एका वैद्याच्या लेखनात सापडतो. त्याच्याबद्दल माझे याहून अधिक काही म्हणणे नाही.

आणि शेवटी ती रात्र, जिच्यापासून सगळे मोजले गेले. शनिवारी अंधार पडल्यावर चर्चच्या बाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावरून चालू वर्षाचे आकडे कोरलेली मोठी मेणबत्ती लावतात, आणि ती घेऊन काळोख्या चर्चमध्ये शिरतात. एकीवरून दुसरी असे करत सारे चर्च उजळते. त्यानंतरच्या स्तोत्रात मेणबत्तीचे मेण करणाऱ्या मधमाश्यांचेही आभार मानले जातात. मग निर्मितीची कथा, तांबड्या समुद्राची कथा, बाप्तिस्मे, आणि चाळीस दिवसांनी आलेलुया. सासूबाई सांगत की त्यांच्या लहानपणी हा विधी शनिवारी सकाळीच उरकत, लख्ख उन्हात मेणबत्त्या पेटवून. ते खरे होते. कित्येक शतके तो मागे मागे सरकत सकाळवर आला होता, आणि १९५०च्या दशकात पोप बारावे पायस यांनी त्याला पुन्हा रात्रीत नेऊन बसवले.

माहेरी ही रात्र नव्हती, पहाट होती. मोरेव्हियन या प्रोटेस्टंट मंडळीतल्या काही तरुणांनी १७३२ साली जर्मनीतल्या हेर्नहुटच्या टेकडीवर, दफनभूमीत, सूर्योदयाची पहिली ईस्टर उपासना केली. तीच रीत मिशनऱ्यांबरोबर जगभर गेली. आमच्या गावी चार वाजता टाळ-मृदंग घेऊन प्रभातफेरी निघे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदे म्हणत आम्ही गावाबाहेरच्या स्मशानभूमीत जात असू आणि उजाडेपर्यंत कबरींच्या मध्ये उभे राहत असू. वडील दर वर्षी तिथे मार्कचा शेवटचा अध्याय वाचत, आणि आठव्या ओवीवर, म्हणजे वचनावर, थांबत: बायका कबरेपासून पळाल्या आणि भ्यालेल्या असल्यामुळे कोणाला काही बोलल्या नाहीत. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत मार्कचे शुभवर्तमान तिथेच संपते. वडील पुस्तक मिटत आणि कोणी काही बोलत नसे, मग कोणी तरी मृदंगावर थाप देई.

यंदा सगळे एका ओळीत आले. १ एप्रिलच्या संध्याकाळी वल्हांडण, २ तारखेला हनुमान जयंती आणि पाय धुण्याचा गुरुवार, ३ तारखेला गुड फ्रायडे आणि ५ तारखेला ईस्टर. काका आता ऐंशीच्या पुढे आहेत, पण सुंठवडा देऊन गेले. २०२४ सालची गोष्ट त्यांना अजून खुपते. त्या वर्षी ईस्टर धुळवडीनंतरच्या रविवारी, ३१ मार्चला आला, आणि वल्हांडण व हनुमान जयंती मात्र २२-२३ एप्रिलला एकमेकांच्या सोबतीने. आदल्या वर्षी आपल्याकडे अधिक श्रावण झाला होता आणि यहुद्यांचेही ते वर्ष तेरा महिन्यांचे होते. दोन्ही पंचांगे एकत्र पुढे गेली आणि आमचे कोष्टक मागे एकटे राहिले.

"यंदा अधिक ज्येष्ठ आहे," ईस्टरच्या संध्याकाळी करंज्यांची बशी परत द्यायला आले तेव्हा ते म्हणाले. "म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा तुमची-आमची फारकत." मी वहीत मोजले: २०२७ची फाल्गुन पौर्णिमा २२ मार्चला, सोमवारी, ईस्टर २८ मार्चला, तिथून उलटे मोजत राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला. पुढच्या वर्षीचे पंचांग अजून छापलेले नाही, म्हणून काकांनी यंदाच्याच मलपृष्ठावर पेन्सिलीने लिहून घेतले: '२८ मार्च, बाईंकडे सण', आणि खाली कंसात, 'करंज्या'.